पहिला बिल्ला

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



'खरी कमाई' हे दोन शब्द ज्यांनी शाळेत ऐकले आहेत, त्यांना स्काउट म्हणजे काय हे फोडून सांगायला नको. गळ्यात स्कार्फ बांधलेला एखादा मुलगा दारात उभा राहायचा, टाचा जुळवून सलाम करायचा आणि विचारायचा, 'काकू, काही काम आहे का?' काकू त्याला सायकल पुसायला लावायच्या, नाहीतर परडीभर शेंगा सोलायला द्यायच्या. काम झालं की हातावर चार-आठ आणे आणि कार्डावर सही. आपल्याकडं बहुतेकांच्या मनात स्काउटची ओळख एवढ्यावरच थांबते. पण तो मुलगा दारात येण्याआधी एक गोष्ट झालेली असते. त्याला त्याचा पहिला बिल्ला मिळालेला असतो. आज त्या पहिल्या बिल्ल्याविषयी बोलायचं आहे.

स्काउटमध्ये पायऱ्या असतात. 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' या आपल्या संस्थेत त्यांना सोपान म्हणतात. प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि त्याच्याही वर राष्ट्रपती पुरस्कार. शिवाय स्वयंपाकाचा, पोहण्याचा, प्रथमोपचाराचा असे कौशल्याचे कितीतरी बिल्ले आहेत. पण या सगळ्याच्या आधी जी पायरी येते तिला सोपान म्हणत नाहीत. तिचं नाव 'प्रवेश'. दहा वर्षांच्या पुढचा मुलगा पथकात येतो, साधारण तीन महिने उमेदवारी करतो आणि मग त्याचा दीक्षाविधी होतो. दीक्षा हा शब्द आपण साधुसंतांसाठी राखून ठेवलेला. तो इथं हाफ पँटमधल्या पोराच्या वाट्याला येतो. त्या दिवशी डाव्या खिशावर हिरव्या कापडाचा, पिवळ्या चिन्हाचा एक तुकडा लागतो. तीन पाकळ्यांचं एक पान, त्यावर लिलीच्या फुलासारखी आकृती आणि मधोमध अशोकचक्र.

या प्रवेशाची परीक्षा म्हणाल तर ती फार अवघड नाही. प्रार्थना यायला हवी, झेंडागीत यायला हवं. राष्ट्रध्वजाची माहिती हवी. शिटीच्या खुणा, हाताच्या खुणा ओळखता याव्यात. रानातल्या वाटेवर खडूनं किंवा दगडांनी मागच्यासाठी ठेवायच्या खुणा असतात, त्या वाचता याव्यात. बाण म्हणजे इकडून जा, फुली म्हणजे इकडून जाऊ नका. त्यांतली एक खूण मला फार आवडते. एक वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी ठिपका. तिचा अर्थ, मी घरी गेलो. ही चळवळ सुरू करणारे बेडन पॉवेल १९४१ च्या जानेवारीत केनियात वारले. तिथं न्येरी या गावी त्यांची कबर आहे, तिच्यावरच्या दगडावर हीच खूण कोरलेली आहे. आम्हा कवींना चार ओळी लागतात ते काम तिथं एका ठिपक्यात झालेलं आहे.

तर परीक्षा अशी साधी. मग बिल्ला कशाचा? बिल्ला वचनाचा. मुलगा सगळ्या पथकासमोर उभा राहतो, उजव्या हाताची तीन बोटं वर करतो आणि प्रतिज्ञा म्हणतो. लगेच त्याला बिल्ला लावतात. वचन पाळतो की नाही हे बघायला कुणी थांबत नाही. पोहण्याचा बिल्ला पोहून दाखवल्यावर मिळतो, स्वयंपाकाचा भात शिजवल्यावर. हा एकटा बिल्ला असा, की जो काम व्हायच्या आधीच हातात पडतो. मी मागांच्या गावचा माणूस. आमच्याकडं काम करण्याआधी मिळणाऱ्या पैशाला उचल म्हणतात. उचल देणारा मालक शंभर वेळा विचार करतो. इथं दहा-अकरा वर्षांच्या मुलाला विश्वासाची उचल मिळते, तीही बिनव्याजी.

हे वचन नेमकं काय असावं यावरून आपल्या देशात बरंच रामायण झालेलं आहे, तेही थोडक्यात सांगतो. बेडन पॉवेल हे इंग्रज लष्करी अधिकारी. दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंगच्या वेढ्यात त्यांचं नाव झालं. १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ब्राउनसी नावाच्या बेटावर वीसेक मुलं नेली. त्यांत बड्या शाळांतली होती तशी कामकऱ्यांच्या घरची होती. पुढच्या वर्षी त्यांचं 'स्काउटिंग फॉर बॉइज' हे पुस्तक आलं आणि चळवळ वणव्यासारखी पसरली. १९०९ मध्ये ती बंगळूरला पोचली, १९११ मध्ये मुलींचं गाइड पथक जबलपूरला निघालं. पण ही पथकं साहेबाच्या पोरांसाठी होती. एतद्देशीय मुलांना त्यांत घेत नसत.

मग आपल्या लोकांनी आपली पथकं काढली. मद्रासकडं ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी, अलाहाबादकडं मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी. नागपूरला विवियन बोस यांनी या कामात जीव ओतला. हे बोस पुढं सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९२१ मध्ये बेडन पॉवेल भारतात आले तेव्हा बेझंटबाईंची पथकं मूळ संस्थेत सामील झाली. मालवीयांची सेवा समिती वेगळीच राहिली. अडचण होती ती प्रतिज्ञेची. तिच्यात देवाबरोबर राजाविषयीचं कर्तव्य येत होतं, आणि तो राजा लंडनला राहत होता. १९३७ मध्ये बेडन पॉवेल पुन्हा येऊन गेले. भारतीयांच्या चारित्र्याविषयीच्या त्यांच्या काही उद्गारांवरून लोक खवळले आणि १९३८ मध्ये 'हिंदुस्थान स्काउट असोसिएशन' उभी राहिली. या सगळ्या वेगवेगळ्या चुली एक व्हायला स्वातंत्र्य यावं लागलं. ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' स्थापन झाली, पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गाइडच्या मुलीही तिच्यात आल्या. प्रतिज्ञेतून राजा गेला, देश आला.

इंग्रजी प्रतिज्ञेची सुरुवात आहे 'ऑन माय ऑनर' अशी. याचं हिंदी करणाऱ्यांनी शब्द योजला 'मर्यादापूर्वक'. आता 'ऑनर'ला आपल्याकडं शब्दांचा काय तोटा? अब्रू आहे, इज्जत आहे, पत आहे, मान आहे. आमच्या घरात तर 'जबान' हा एकच शब्द सगळं काम करायचा. मर्यादा हा शब्द का निवडला असेल यावर मी पुढं कवितेच्या नादाला लागल्यावर पुष्कळ विचार केला. मर्यादेत समुद्र राहतो आणि मर्यादेत रामही राहतो, तेव्हा शब्द वजनदारच आहे. पण पाचवीत असताना माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्रानं त्याचा अर्थ असा लावला होता, की मर्यादापूर्वक प्रतिज्ञा म्हणजे थोडकीच प्रतिज्ञा. मर्यादेत राहून केलेली. आम्हाला तो अर्थ एकदम पटला होता.

ही पाचवी म्हणजे १९८० सालची. गाव इचलकरंजी. पंचगंगेच्या काठचं, यंत्रमागांचं गाव. अब्बा एका कारखान्यात मागावर होते. मजुरी पिकावर, म्हणजे आडवे धागे किती पडले त्या हिशोबावर. अम्मा घरी कांड्या भरायची. घरात दखनी बोलायचो, गल्लीत मराठी, आणि शाळा मराठी, कारण ती जवळ होती. स्काउटच्या पथकात आणखी तिसरी भाषा आली. तिथं सगळे हुकूम हिंदीतून. 'दहिने मुड' म्हटलं की निम्मी मुलं डावीकडं वळायची.

पथकात घालायचं म्हणजे खर्च होता. गणवेश शाळेतून हप्त्यानं मिळाला. स्कार्फ आणि तो गळ्याशी अडकवायचं वॉगल मात्र आपलं आपण आणायचं होतं. अब्बांनी कारखान्यातून कोऱ्या कापडाचा तुकडा आणला, अम्मानं तो तिकोनी कापून शिवला आणि ओळखीच्या रंगाऱ्याकडं देऊन पथकाच्या रंगात बुडवून घेतला. रंग थोडा गडद उतरला. रांगेत उभं राहिल्यावर माझा स्कार्फ लांबूनही ओळखू यायचा. वॉगल म्हणून सरांनी दोरीचंच एक कडं वळून दिलं.

पहिला खटका उडाला तो हात मिळवण्यावरून. स्काउट एकमेकांशी डावा हात मिळवतात. त्याची एक गोष्ट सांगतात. पश्चिम आफ्रिकेतल्या अशांती लोकांच्या एका सरदारानं बेडन पॉवेल यांच्यापुढं डावा हात केला. ढाल डाव्या हातात असते. ती खाली ठेवल्याशिवाय डावा हात मोकळा होत नाही. म्हणजे ज्याच्यावर तुमचा पुरता भरवसा आहे त्याच्यापुढंच डावा हात करायचा. गोष्ट छानच आहे. पण मी घरी येऊन मोठ्या ऐटीत दादीपुढं डावा हात केला, तशी ती म्हणाली, 'सीधा हात क्या मोड्या क्या रे तेरा?' आमच्या घरात डाव्या हातानं कुणाला पाण्याचा पेलाही देत नसत. शेजारच्या लिंगायत अक्कांकडंही तोच नियम. या बाबतीत आमच्या गल्लीत हिंदू-मुसलमानांचं पूर्ण एकमत होतं. मी ढालीची गोष्ट सांगितली. दादीनं ती ऐकून घेतली आणि विचारलं, 'तेरे पास ढाल किधर है?'

आता गाठींविषयी सांगतो. गाठींची रीतसर परीक्षा खरं तर पुढच्या सोपानात होते, पण आमच्या सरांना तेवढा धीर नसे. ते पहिल्या महिन्यातच दोऱ्या वाटायचे. रीफ नॉट म्हणजे सपाट गाठ, ती सारख्या जाडीच्या दोन दोऱ्यांसाठी. बँडेज बांधताना हीच वापरतात, कारण ती अंगाला टोचत नाही. मग सरांनी एका हातात जाड सोल घेतला, दुसऱ्या हातात सुतळी घेतली आणि दोन्हीची सपाट गाठ मारून ओढली. सुतळी निसटली. 'सारख्याला सारखं बांधणं सोपं,' सर म्हणाले, 'आता हे बांधून दाखवा.' त्यासाठी वेगळी गाठ आहे, तिला शीट बेंड म्हणतात. जाड दोराचा वाकवून एक फास करायचा, बारीक दोरी त्यातून वर काढायची, मागून वळसा द्यायचा आणि स्वतःच्याच खाली खोचायची. मी ती दोन दिवस घोकली. तरी कधी जमायची, कधी नाही.

तिसऱ्या दिवशी मी अब्बांचा डबा द्यायला कारखान्यात गेलो. ज्यांनी मागांचा कारखाना आतून पाहिला नाही त्यांना तो आवाज सांगून कळणार नाही. तिथं माणसं बोलत नाहीत, ओठ हलवतात आणि समोरचा ओठ वाचतो. अब्बांच्या मागावर उभा धागा तुटला होता. त्यांनी माग थांबवला, तुटलेलं टोक शोधलं, खिशातल्या सुताचा एक तुकडा त्याला लावला, अंगठा आणि बोट यांच्यात काहीतरी चुटकीसारखं केलं आणि माग पुन्हा सुरू. मी दोरी काढली आणि खुणेनं म्हटलं, पुन्हा करा. दुसऱ्यांदा धागा तुटला तेव्हा त्यांनी माझ्या डोळ्यांपुढं सावकाश केलं. एक फास, त्यातून वर, मागून वळसा, स्वतःच्या खाली. आमच्या सरांची शीट बेंड.

इंग्रजीत हिला विणकराची गाठ असंही नाव आहे, हे मला फार पुढं वाचायला मिळालं. विणकर ती का वापरतात याचं कारण अगदी व्यवहारातलं आहे. उभा धागा आधी वहीच्या डोळ्यातून आणि मग फणीच्या दातांतून सरकत जातो. गाठ जाड असली तर ती तिथं अडकते आणि धागा पुन्हा तुटतो. ही गाठ बारीक बसते आणि ताण पडला की आणखी घट्ट होते. अब्बा दिवसात अशा किती गाठी मारत असतील कोण जाणे. त्यांना तिचं नावही ठाऊक नव्हतं. गाठीला कुणी नाव ठेवतं का, असं त्यांचं म्हणणं. मी सरांना हे सांगितलं, तर पुढच्या शनिवारी सरांनी अब्बांनाच शाळेत बोलावलं. रातपाळी करून, न झोपता अब्बा आले. पटांगणात वडाखाली उभं राहून त्यांनी चाळीस मुलांना एका हातानं ती गाठ मारून दाखवली आणि चहा न घेता घरी गेले. शाळेत ते तेवढे एकदाच आले. जाड आणि बारीक दोरीच्या या गाठीवरून एखादी उपमा काढायचा मोह मला होतो. पण आजवर काढलेली नाही, आजही काढत नाही.

वही म्हणजे मागाचा भाग, ज्यातून धागे ओवलेले असतात. आमच्या गावात वहिफणी हा एक स्वतंत्र धंदाच आहे. त्यामुळं सरांनी 'वही घाला' असं सांगितलं तेव्हा वर्गात हशा पिकला. सरांची वही मात्र लिहायची होती. रोज एक सत्कृत्य करायचं आणि ते एका ओळीत लिहायचं. हे असं महिनाभर. बेडन पॉवेल यांनी तर सांगून ठेवलं होतं, की सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारा, आणि दिवसाचं सत्कृत्य झालं की सोडा. सत्कृत्य म्हणजे काही नदीत बुडणाऱ्याला वाचवणं नव्हे. रस्त्यातला केळीचा साल उचलला, तरी झालं.

मी शेजारच्या अक्कांची पत्रं वाचून दाखवायचो. त्यांचा मुलगा मुंबईला गिरणीत होता. त्याचं कार्ड यायचं, त्यात चार ओळी असायच्या, त्या मी दोन-तीनदा वाचायचो. माझ्या वहीत महिनाभरात निदान आठ वेळा 'अक्कांचे पत्र वाचले' असं आहे. कार्ड दोनच आली होती. पण अक्का तीच पुन्हा वाचायला लावायच्या, आणि प्रत्येक वेळी वाचणं हे वेगळं सत्कृत्य आहे असा निवाडा सरांनी दिला होता.

पहिल्याच आठवड्यात आमच्या संघनायकानं सरांना विचारलं, 'सर, सही कुणाची घ्यायची?' खरी कमाईच्या कार्डावर सही असते, तशी इथं कुणाची, आईची की वडिलांची? सर म्हणाले, 'सही कशाला? तूच केलंस ना? मग तूच लिही.' 'आणि कुणी खोटं लिहिलं तर?' सर म्हणाले, 'तर ते त्याच्या वहीत राहील.' पैशाला सही आणि चांगुलपणाला सही नाही, असा सरळ हिशोब होता त्यांचा.

महिना संपला तेव्हा सरांनी वह्या घरी नेल्या. आमच्या संघात एक मुलगा होता, न्हाव्याचा. सकाळी दुकान झाडून शाळेत यायचा आणि शाळा सुटली की परत दुकानात. त्याच्या वहीत तीसपैकी अकरा पानांवर एवढंच लिहिलेलं होतं, 'आज काही केले नाही.' आम्हाला वाटलं, याचा बिल्ला गेला. दीक्षाविधीला सरांनी सगळ्यांत आधी त्याचं नाव पुकारलं. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

विधीच्या आदल्या रात्री प्रतिज्ञा घरी म्हणून दाखवली. तिच्यात ईश्वराविषयीचं कर्तव्य येतं. घटनाकारांच्या देशातली ही संस्था, तिनं मोकळीक ठेवली आहे की कुणाला हवं तर 'ईश्वर' या शब्दाच्या जागी 'धर्म' म्हणता येतं. सरांनी मला एकट्याला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून तसं सांगितलं होतं. मी ते घरी सांगितलं. अब्बा म्हणाले, 'तुझ्या दादीला विचार.' दादीला ईश्वर या शब्दाची काहीच अडचण नव्हती. उपरवाल्याला नावांची काय कमी, असं ती म्हणाली. तिची शंका वेगळीच होती. 'ये कसम है क्या वादा है?' तिच्या लेखी हा फरक मोठा होता. कसम ऊठसूट खायची नसते. वादा मात्र केला की निभावायचा, आणि कयामतच्या दिवशी त्याबद्दल विचारणा होते. मी म्हटलं, वादा आहे. मग तिनं पुन्हा म्हणायला लावलं. 'यथाशक्ती' या शब्दाशी तिनं मला थांबवलं आणि अर्थ विचारला. जेवढं माझ्याच्यानं होईल तेवढं, मी सांगितलं. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. ती म्हणाली, 'हां. फिर ठीक है. बच्चा है.'

मी दुसऱ्या दिवशी 'ईश्वर' असंच म्हटलं. सरांनी फक्त एकदा माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी बिल्ला लावला आणि डावा हात पुढं केला. सगळा विधी मिनिटाभराचा. बिल्ला अम्मानं घरी पक्का शिवला, कारखान्यातल्या सुतानं, चारी बाजूंनी, असा की तो शर्ट लहान झाल्यावर बिल्ला उसवताना कापडही थोडं सोबत आलं.

मी पुढं फार मोठा स्काउट झालो नाही. द्वितीय सोपानापर्यंत गेलो आणि मग सुट्टीत कारखान्यात जायला लागलो. राष्ट्रपती पुरस्कार वगैरे दूरच. पण सांगायचं ते असं, की बी.ए. झालो, नोकरीच्या निमित्तानं एका मोठ्या शहरात भाड्याचं घर शोधायला लागलो, तेव्हा फोनवर सगळं ठरायचं. माझी मराठी ऐकून समोरचा माणूस खूश व्हायचा. 'या, आजच बघून जा' म्हणायचा. मग नाव विचारायचा. नाव सांगितलं की घर आदल्याच दिवशी गेलेलं असायचं. नाहीतर लागणारे कागद वाढायचे. कचेरीचं पत्र, गावच्या पोलिसाचं पत्र, ओळखीच्या दोन माणसांच्या सह्या, आणि त्या माणसांची नावं कशी असावीत हेही सूचकपणे सांगितलं जायचं. मी ते कागद दिले. आजवर पुष्कळ ठिकाणी दिले आहेत आणि माझी फाइल चांगली जाडजूड झालेली आहे. अशा वेळी मला सरांचा 'सही कशाला?' हा प्रश्न आठवतो. एका सरकारमान्य शाळेत, एका सरकारी पगारी मास्तरानं, चाळीस पोरांना, त्यांत पाच-सहा आमच्यातली, काही चर्मकारांची, काही जैन व्यापाऱ्यांची, एका ओळीत उभं करून सांगितलं होतं, की तुमचं म्हणणं हाच पुरावा. असं मला त्यानंतर फारसं कुणी सांगितलेलं नाही.

हे सगळं आता आठवायचं कारण असं, की गेल्या २२ फेब्रुवारीला एका शाळेत मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. २२ फेब्रुवारी हा बेडन पॉवेल यांचा जन्मदिवस. शाळाशाळांतून तो चिंतन दिन म्हणून साजरा होतो. गाइडच्या तीसेक मुलींचा दीक्षाविधी होता आणि बिल्ले मी लावायचे होते. विधीआधी कॅप्टन बाईंनी टेबलावर वह्यांचा गठ्ठा ठेवला. वह्या आता छापील मिळतात. तारीख, सत्कृत्य, फोटो आणि पालकांची सही, असे रकाने. फोटो बहुतेक सगळे झाडाला पाणी घालतानाचे. एकच झाड चार-पाच वह्यांत दिसत होतं, त्या झाडाचं मात्र भलं झालं असणार.

बाईंना नावं ठेवण्यासारखं काही नाही. त्या शनिवारच्या सुट्टीवर पाणी सोडून हे पथक चालवतात, दोऱ्या स्वतःच्या पैशानं आणतात. त्या म्हणाल्या, 'सर, वर अहवाल पाठवावा लागतो. आणि पालकच विचारतात, सही कुठं करायची?' मी गठ्ठ्यातल्या वह्या चाळत होतो. एका वहीत फोटोचा रकाना सारखा रिकामा दिसला. मजकूर असा होता, 'आजीचा आणि आईचा अबोला मिटवला.' आणखी एका पानावर, 'मैत्रिणीचे गुपित कुणाला सांगितले नाही.' सहीचा रकानाही दोन्हीकडं कोराच.

बाईंनी त्या मुलीला जवळ बोलावलं आणि थोड्या ओशाळून विचारलं, 'अगं, फोटो नाहीत, आईची सही नाही?' मुलगी म्हणाली, 'बाई, आईला दाखवलं असतं तर तिला कळलं असतं ना, की मी मुद्दाम केलं.'

बाई माझ्याकडं बघून हसल्या. तिचा नंबर यादीत अठरावा होता. मी तो तसाच राहू दिला, आणि अठराव्या नंबरला तिला बिल्ला लावला.